तेशानच्या नावाची उदबत्ती

"वर गेल्यावर उदबत्ती मी लावणार. तू नुसती हात जोडून उभी राहा," रुईफांगने जाहीर केलं आणि ती पुढची पायरी चढली.

मागून येणारी सूचिन तिची भावजय. रुईफांगचा भाऊ, म्हणजे सूचिनचा नवरा तेशान, जाऊन वर्ष होत होतं. चीनमधल्या अमेई या पवित्र पर्वताच्या सोनशिखरावर त्याच्या नावाने उदबत्ती लावायची म्हणून या नणंद-भावजया, यात्रा कंपनीच्या नादी न लागता, गावोगावी बस बदलत आल्या होत्या. घर सोडल्यापासून शिखर गाठेपर्यंत मांसाला शिवायचं नाही, असा नेम होता. काल लेशानच्या बसस्टँडवर सूचिनकडून तो मोडला.

"ताई, मी टोफूच मागितला होता. त्याच्याखाली मांस असेल हे मला काय ठाऊक?"

"पहिल्या घासाला कळलं नाही, कबूल. मग वाटी चाटूनपुसून कशी गं साफ झाली?"

टोफू झालाच होता झकास. पण नवऱ्याची उदबत्ती आपल्या हातून लागणार नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. ती चढत राहिली. नणंदेच्या तोंडाचा पट्टा काही थांबला नाही.

वाटेतल्या एका देवळापाशी माकडं होती. अमेईची माकडं भाविकांची भीडभाड ठेवत नाहीत. रुईफांगने उगारलेल्या काठीकडे ढुंकूनही न पाहता एका दांडग्या माकडाने तिच्या खांद्यावरची झोळी ओढली आणि ते थेट देवळाच्या छपरावर जाऊन बसलं. वरून एकेक वस्तू पडू लागली. लोकरी टोपी, गुडघ्याचं मलम, उदबत्त्यांचा जुडगा. शेवटी त्याच्या हाती कागदाची पुडी लागली. आत घरी धुरावलेलं डुकराचं सॉसेज होतं, मिरची आणि तिरफळं ठासून भरलेलं. वास खाली अंगणापर्यंत आला.

अंगण झाडणाऱ्या भिक्षूने वर पाहिलं, "अमितोफो" असं बुद्धाचं नाव घेतलं आणि तो झाडू घेऊन आत निघून गेला.

"ताई?" सूचिन म्हणाली.

"मी एक तुकडाही तोंडात घातलेला नाही!" रुईफांग लालबुंद झाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तेशानसाठी आणलं होतं. नुसत्या धुराने त्याचं पोट भरलं असतं का गं? वर कुठेतरी आडोशाला ठेवणार होते, कुणाच्या नकळत."

सूचिनचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला हसूही आवरेना. रुईफांगने वाकून उदबत्त्या उचलल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"घे. आता मी कुठल्या तोंडाने लावू?"

"अर्ध्या तुम्ही, अर्ध्या मी," जुडग्याचे दोन वाटे करत सूचिन म्हणाली. "नेम दोघींचाही मोडलाय. कुणाची तरी पोचेल."

छपरावर माकडाने मोठा लचका तोडला. तिरफळाने जीभ बधिर झाली असावी. त्याने डोळे मिचकावले, तोंड पुसलं आणि पुन्हा दात रोवले. रुईफांगची काठी परत वर गेली. सूचिनने तिचा हात धरला.

"खाऊ द्या, ताई. तेशानला तरी कुठे धीर होता पानं मांडेपर्यंत?"

रुईफांगने छपराकडे पाहिलं. मग तिने काठी खाली घेतली आणि ओरडली,

"अरे, हळू खा! ठसका लागेल!"