दुसरा पाय

"दोन वर्षं? निस्ती दोन?" कोर्टाच्या गेटबाहेर एक जण ओरडला. "चौकात उभं करून हात तोडा की एकेकाचे!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. दंगलीत वैजनाथशेटचं चपलांचं दुकान लुटणाऱ्या पोरांना शिक्षा झाली होती आणि अर्धी हिंगोली ती बघायला जमली होती. पोलिसांच्या गाडीत चढताना त्यातल्या एकानं, भीमराजनं, गर्दीवरून नजर फिरवली. त्याची माय लिंबाखाली उभी होती.

जनकाबाईनं तोंड फिरवलं.

गर्दीला ते फार आवडलं.

पानठेल्यावर: "सख्ख्या मायनं ठाण्यात नेऊन दिलं म्हंतेत. माय असावी तर अशी."

गिरणीत: "जेलात फुकट खाऊ घालतेत हरामखोरांना. उपाशी ठेवा."

एसटी स्टँडवर: "ती वस्तीच तसली. समदी पोरं आत टाका, मग बघा गाव कसं शांत ऱ्हातंय."

आणि वस्तीतल्या नळावर रूपाबाई, जनकाबाईची घागर बाजूला सारत: "शटर कुणी फोडलं ते समद्या गावानं पाह्यलं. ते मोटरसायकलीवर हिंडून राहिले. अन् तू? पोटचं लेकरू नेऊन दिलंस!"

"चोराला चोर म्हणलं," जनकाबाई म्हणाली. "तुला काहून झोंबलं?"

तिनं घागर पुन्हा नळाखाली सारली. रूपाबाई थुंकली. 

जनकाबाईचा राग आजचा नव्हता. सारा जन्म तिनं मोंढ्यात हळद निवडण्यात घातला होता. टाचांच्या भेगांत ती हळद अशी मुरली होती की दगडानं घासूनही पिवळेपणा जात नसे. पण हळकुंडाचा तुकडा जरी पदराला अडकला, तरी ती तो झटकून ढिगावर टाकायची. घरी जाताना फाटकाशी मुकादम सगळ्या बायांचे पदर झटकायला लावी. जनकाबाई आली की मात्र हातानंच जा म्हणायचा. एवढीच तिची कमाई.

दंगलीनंतर मोंढा उघडला त्या दिवशी मुकादम म्हणाला, "जनकाबाई, तूबी झटक."

बाकीच्या बाया बघत होत्या. तिनं पदर झटकला.

त्याच सांजेला भीमराज घरी उगवला. दंगलीच्या दुसऱ्या दिवसापासून तो गायब होता. हातात कापडी पिशवी. दारातच बसकण मारून त्यानं मायचा पाय मांडीवर ओढला आणि त्या पिवळ्या टाचेवर नवीकोरी तांबडी सँडल चढवली. बक्कल लावलं. पिशवीतून जोडीची दुसरी काढली आणि मान वर करून हसला.

"दुसरा पाय दे, माय."

वैजनाथशेटच्या दुकानात अशीच सँडल मांडून ठेवलेली तिनं जाता-येता कितीदा पाहिली होती. पोरगं तेव्हा सोबत असायचं.

"कुठून आणली?"

"सेनगावहून. इथला मोंढा बंद, म्हणून तिकडं पोती उचलाया गेलतो."

"खोका कुठाय? पावती?"

"जीपमधी लटकत आलो, खोका कुठं सांभाळू? अन् पावती कोण देतंय आपल्याला?"

तिनं पायातली काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग दंडाला धरून त्याला ठाण्यात नेलं. साहेबापुढंही पोरगं सेनगाव, सेनगावच करत राहिलं. तेव्हा ती म्हणाली, "कबूल कर. न्हाई तर तुझी माय मेली असं समज."

भीमराज तिच्याकडं बघत राहिला.

"तू म्हणतीस तर चोरल्या."

झालं. कबुलीच मिळाली म्हटल्यावर माल ओळखायला शेटला बोलावण्याचीही कुणाला गरज वाटली नाही.

शिक्षेनंतरच्या रविवारी शांतता समितीनं जनकाबाईचा सत्कार ठेवला. हॉल खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत मुकादम. ती आत आली तसा तो उठून उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग सगळी रांग. जनकाबाई ताठ मानेनं, अनवाणी, मंचावर चढली. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

"लुटारूंना दया नको!" मागून एक जण ओरडला.

"नको!" हॉल ओरडला.

वैजनाथशेट बोलायला उठले. दुकान लुटलं गेल्यापासून पहिल्यांदाच ते गावापुढं येत होते.

"मंडळी, ही माउली अनवाणी आलीय. माझ्या दुकानातून तिला एक चांगला जोड द्यावा, असं लई मनात होतं. पण देऊ कुठून?" शेट स्वतःच हसले. "आमच्या धंद्यात मांडणीवर एकाच पायाचा माल ठेवतेत. डाव्या. जोडीचा उजवा वर माळ्यावर, कुलपात. ह्या गाढवांनी खालची मांडणी साफ केली, माळ्याला हातबी लावला न्हाई. म्हणजे गावभर माझे डावे, अन् माझ्यापाशी निस्ते उजवे! एवढं जाळलं, एवढं फोडलं, पण एकाच्याबी हाती जोड लागला न्हाई!"

हॉलमध्ये हशा पिकला. मुकादम गुडघ्यावर थापा मारत होता. कुणीतरी ओरडलं, "लंगडत पळा म्हणावं आता!" पुन्हा हशा.

जनकाबाईनं खाली पाहिलं. डावा पाय. त्याच्या शेजारी उजवा, तितकाच पिवळा.

"दुसरा पाय दे, माय."