दुसरा रिमोट
धैर्यशीलचं कॉलेज सुरू व्हायला महिना होता, फौजेतल्या आबांची सुट्टीही तेवढीच. सांगलीच्या दुकानात आबा म्हणाले, “बारावी पास झालास. पायजे त्ये घे लेका.” समोर टीव्हीला जोडलेला, दोन रिमोटचा व्हिडिओ गेम होता, शेजारी कॅल्क्युलेटर. गेमवर त्याचा जीव होता, पण वर्षातून एकदा येणाऱ्या बापापुढं पोरकट दिसायला नको, म्हणून तो म्हणाला, “कॅल्क्युलेटर घेऊया. गेम म्हंजे बारक्या पोरांचं खूळ.” “व्हय, खरं हाय,” म्हणत आबांनी पैसे दिले. दुकानदार पावती लिहीपर्यंत त्यांनी सहज रिमोट उचलला. पडद्यावरचा बुटका एकेक खड्डा सफाईनं ओलांडू लागला. “आबा, तुमाला येतंय?” “पलटणीत शिकलो. म्हटलं, महिनाभर तुझ्यासंगं खेळावं.” “मग गेमच घेऊ की!” आबांनी रिमोट जागेवर ठेवला. “ऱ्हाऊ दे रं. मोठा झालास. मलाच यायला उशीर झाला.”