खांबांपलीकडचा आवाज

गावातल्या जुन्या दगडी चर्चला दोन दरवाजे, एक बायकांचा, एक पुरुषांचा. मध्ये जाड खांबांची रांग. शांतवनराव घरात कधी धड बोलले नाहीत. पण दर रविवारी खांबांपलीकडून त्यांचा आवाज गाण्यात उठायचा आणि रूथबाईंचा आठवड्याचा शीण उतरायचा. त्या आवाजाच्या जिवावर त्यांनी सत्तेचाळीस वर्षं संसार ओढला.

यंदा डागडुजीत बाकं आली आणि नवरा-बायकोनं एकत्र बसायचं ठरलं.

"रूथबाई, आता मालकांचं गाणं जवळून ऐका," चर्चच्या पाळकबाई हसल्या.

"लई वर्षं वाट बघितली, बाई."

गाणं सुरू झालं. तोच आवाज उठला, मागच्या बाकावरून.


शेजारी शांतवनराव नुसते ओठ हलवत होते.