अठ्ठ्याण्णव टक्के

एकविसाव्या चालीला वैदेहीने बरोबरी मागितली आणि समोरच्या ऋतुराजने लगेच हात मिळवून ती मान्य केली, न जाणो पोरीचा विचार बदलला तर! जिल्हा निवडीचा हा शेवटचा डाव. त्याला अर्धा गुण पुरेसा होता, तिला मात्र जिंकणं भाग होतं. राज्य स्पर्धेला आता तो जाणार.

दोरीपलीकडे उभ्या सांडू सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सिडकोतल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं पोरांना बुद्धिबळ शिकवणारा हा माणूस. पटावरची जिंकणारी चाल त्यांना लांबूनही दिसत होती. घोडा मारायला द्यायचा, समोरचा राजा उघडा पाडायचा, की पाच-सहा चालींत खेळ खलास.

अकरा वर्षांची वैदेही बाहेर आली तशी त्यांनी तिला गाठलं.

"घोडा द्यायचा दिसला नाय का गं तुला?"

"दिसला होता, सर."

"मग?"

"पुढच्या चाली अवघड होत्या. एखादी चुकली असती तर टक्के पडले असते."

सर काही बोलणार तोच तिचे वडील मधुसूदन पुढे झाले. तिच्या हातातला चालींचा कागद घेऊन त्यांनी उभ्या उभ्याच सगळा डाव मोबाईलमध्ये भरला. चाली किती अचूक झाल्या, ते मोबाईल टक्क्यांत सांगतो; न खेळलेल्या चाली तो धरत नाही. वाळूजच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात या गृहस्थांची हयात गेली होती. आकड्यापुढे त्यांना माणूस दिसत नसे.

"अठ्ठ्याण्णव! बघा सर, एक चूक नाही."

"पोरगी घरी बसली, साहेब. आकडा काय चाटायचाय?"

"जीभ सांभाळा. गेल्या महिन्यात तुमचं ऐकून घोडे-उंट उधळत खेळली. त्र्याहत्तर टक्के आले!"

"व्हय, अन् जिंकली बी!"

"चुका करून जिंकणं हे नशीब झालं. ते मला नको. उद्यापासून ती तुमच्याकडे येणार नाही."

"लई उपकार होतील. तुम्हाला खेळाडू नकोच आहे. तपासून पास केलेला नट-बोल्ट पाहिजे."

त्याच तिरीमिरीत सर वैदेहीवर घसरले. "तुला तरी जायचं होतं का राज्याला?"

"जायचं होतं," ती खाली बघत म्हणाली. "पण त्र्याहत्तर आले तेव्हा बाबा नऊ दिवस माझ्याशी बोलले नव्हते."

आसपासचे चार-दोन पालक वळून बघायला लागले. मधुसूदन यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

वैदेही घाबरली. तिने त्यांची बाही ओढली.

"बाबा, बोला ना. आज तर अठ्ठ्याण्णव आलेत."