पिठावरचा पंजा

नातवाच्या खिमटीचं पीठ डब्यात भराभर खाली चाललं होतं, आणि चांगुणाबाईचा सारा संशय सुनेवर होता. ज्वारी अन् मूगडाळ तिनं स्वतः खमंग भाजून दळून आणलेली. सात महिन्यांचा सम्राट खाऊन खाऊन खाणार किती, दिवसाला दोन चमचे! मग एके सकाळी तिनं पीठ सपाट केलं, त्यावर आपला पंजा उमटवला आणि खुशाल खर्डा गावच्या बाजाराला गेली.

आल्या आल्या तिनं झाकण काढलं. पीठ दोन बोटं उतरलं होतं. त्यावर पंजा होता, पण तो तिचा नव्हता. बोटं नुसत्या काड्या.

"माधुरे, हात आन इकडं." सुनेचा हात त्या ठशात बरोब्बर बसला. "लेकराच्या तोंडचं चोरून खातीस व्हय?"

माधुरीनं मान खाली घातली नाही. "त्यो दोन चमचे खातोय, आत्या, अन् दिवसभर अंगावर पितोय. समद्यांची जेवनं झाल्यावर माझ्यासाठी दुरडीत काय उरतं, कधी बगितलंय तुमी?"

चांगुणाबाईनं हळूच आपला गुबगुबीत पंजा पदराखाली घेतला.