काशीत सोडलेली हडळ

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गुलाबरावांना भुताखेतांच्या चित्रकादंबऱ्यांचं भारी वेड. सध्याच्या कादंबरीचे दोन भाग वाचून झाले होते; त्यातली विहिरीतली हडळ नेमकी कोणाच्या घरची सून, हे तिसऱ्या आणि शेवटच्या भागात कळणार होतं. तेवढ्यात बायकोनं, कमलबाईंनी, काशीयात्रा काढली.

काशीला गेलं की आवडती वस्तू कायमची सोडायची असते. गुलाबराव भेंडीवर भागवायला बघत होते, पण कमलबाईंनी घाटावरच अडवलं.

"भेंडी कोनाले आवडते? खरं आवडते ते सोडा. हडळीचे पुस्तकं सोडा!"

भटजी पळी धरून थांबले होते, मागे माणसं खोळंबली होती. गुलाबरावांनी डोळे मिटून हडळ गंगार्पण केली. मग जन्मात कधी कारल्याला न शिवलेल्या कमलबाईंनी भक्तिभावानं कारलं सोडलं.

यथावकाश तिसरा भाग निघाला. गुलाबरावांना तो दिसला आपल्याच घरात, झोपाळ्यावर, कमलबाईंच्या हातात. चष्मा लावून, शेंगदाणे खात त्या शेवटच्या पानावर पोचल्या होत्या.

"कावं, तू कवापासून वाचाले लागली?"

"पयल्या भागापासून. पन तुमी पुस्तक हातचं सोडान, तवा ना मले भेटन!"

गुलाबराव झोपाळ्याजवळ सरकले. भांडणापेक्षा हडळ महत्त्वाची होती.

"बरं, कोनाची सून निंगाली, तेवढं तरी सांग."

 

कमलबाईंनी पुस्तक मिटलं. "काशीत सोडलेली वस्तू दुसऱ्याच्या ताटातली बी चाखू नाई. पाप लागते."