मंगळाची सकाळ

वैजयंतीने घडवलेल्या घड्याळाला काटे नव्हते. मंगळावर नवऱ्याकडे, श्रीरंगकडे, सूर्य उगवला की पट्टा मनगटावर कोमट होई. तिथला दिवस एकोणचाळीस मिनिटांनी मोठा, म्हणून रोज तेवढाच उशीर. सात वर्षं ती त्या उबेनेच उठत होती.

आज उठली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

"ताई, आत्ता दात घासताय? आमचा दुसरा चहा झाला!" शेजारची मुग्धा खिडकीतून हसली.

आत श्रीरंगचा निरोप येऊन पडला होता. "मुक्काम पुन्हा वाढवून घेतलाय. तुला काय, घड्याळ आहेच सोबतीला."

तिने पट्टा सोडला आणि उत्तर बोलायला घेतलं. निरोप संपवताना ती नेहमी 'येते' म्हणायची. दोन वर्षं ओठांवर अडलेलं आज तिने स्वच्छ उच्चारलं.

"श्रीरंग, मी जाते."